श्रद्धा आणि आपलेपणा: स्थानिक तरुणांसोबत उपक्रम करायचा असेल तर

नव्या वस्तीत उपक्रम घेऊन जाणाऱ्यांकडे बहुतेक वेळा सगळं आधीच ठरलेलं असतं. विषय ठरलेला, वेळापत्रक ठरलेलं, शेवटचं प्रदर्शन कुठे लावायचं तेही ठरलेलं. मग तरुणांना बोलावून सांगितलं जातं, ‘तुमचा सहभाग हवाय.’ मुलांना हा प्रकार पहिल्या बैठकीतच कळतो. ती येतात, खुर्च्या लावतात, फोटोत उभी राहतात आणि मनातलं मनातच ठेवून घरी जातात.

श्रद्धा हा विषय असेल तर हे जास्त घडतं, कारण त्यावर ‘योग्य’ काय बोलायचं हे मुलांना लहानपणापासून पाठ असतं. म्हणून या लेखात गप्पांच्या खेळांपेक्षा निर्णय कोणाकडे आहेत यावर भर आहे. अशा कामात पहिल्यांदाच उतरणाऱ्यांनी तिथूनच सुरुवात करावी, असं माझं मत आहे.

पहिलं काम: निर्णयांची यादी

रॉजर हार्ट यांनी १९९२ मध्ये युनिसेफसाठी लिहिलेल्या निबंधात मुलांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. खालच्या तीन पायऱ्यांना ते सहभाग मानतच नाहीत: मुलांना वापरून घेणं, त्यांना शोभेला उभं करणं आणि नावापुरतं बोलायला देणं. चांगल्या हेतूने केलेले बरेच उपक्रम याच तीन पायऱ्यांवर घुटमळतात. तुमचा उपक्रम कुठे आहे हे बघायचं असेल तर एक कागद घ्या आणि होणाऱ्या सगळ्या निर्णयांची यादी करा. उपक्रमाचं नाव काय, मुख्य प्रश्न कोणता, कोणाला बोलवायचं, माध्यम कोणतं, पैसे कशावर खर्च करायचे, शेवटी काय दाखवायचं आणि काय वगळायचं, पत्रकार आले तर कोण बोलणार.

आता प्रत्येक निर्णयापुढे लिहा: आधीच ठरलेला, एकत्र ठरवायचा, किंवा पूर्णपणे तरुणांचा. पैसे देणाऱ्या संस्थेने काही अटी घातल्या असतील तर त्या पहिल्या रकान्यात जातील आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. मुलांना अटी समजतात. लपवलेल्या अटी मात्र त्यांना खपत नाहीत. हा कागद पहिल्याच भेटीत त्यांच्यासमोर ठेवा.

दहा गोष्टींवर मत विचारून अकरावी स्वतःच्या मनाने करण्यापेक्षा दोनच निर्णय द्या, पण पुरते द्या. एकदा दिलेला निर्णय परत घेऊ नका. तुमच्या डोळ्यांसमोर लघुपट आहे आणि त्यांना रस्त्यातून चालत ऐकायची ध्वनिमुद्रणं करायची आहेत. माध्यम त्यांच्या रकान्यात लिहिलेलं असेल तर विषय संपला. लघुपटाचं स्वप्न दुसरीकडे पूर्ण करा.

‘तुम्ही देव मानता का?’

हा प्रश्न तुम्हाला विचारला जाणार. बहुधा पहिल्याच भेटीत, आणि बहुधा सगळ्यांसमोर. उत्तर तयार ठेवा. लहान, खरं आणि प्रचाराचा वास नसलेलं. दोन वाक्यं पुरतात. ‘माझं राहू द्या, तुमचं सांगा’ म्हणालात तर ज्या प्रश्नाचं उत्तर तुम्ही देत नाही ते त्यांच्याकडून मागण्याचा हक्कही गेला. तुमची श्रद्धा डळमळीत असेल तर तसं सांगा. पक्की असेल तर तेही सांगा आणि लगेच जोडा की इथे कोणाला कुठे वळवायचा हेतू नाही. हे वाक्य बोलून दाखवणं गरजेचं असतं, कारण पालकांच्या मनातली पहिली शंका तीच असते.

कोण येतंय, कोण येत नाहीये

तरुणांपर्यंत जायचा सोपा रस्ता धर्मगुरू, शिक्षक, क्रीडा प्रशिक्षक किंवा युवक गटाच्या प्रमुखांमधून जातो. त्यांना भेटाच. पण ती मंडळी पाठवतात ती मुलं शहाणी, बोलकी आणि कोणाची मान खाली घालायला न लावणारी असतात. आपलेपणाबद्दल ज्यांच्याकडे सर्वात जास्त सांगण्यासारखं असतं ते या यादीत क्वचितच सापडतात: आईवडील दोन वेगळ्या धर्मांचे असलेली मुलगी, नुकताच दुसरीकडून राहायला आलेला मुलगा, प्रार्थनेला जाणं सोडलेला, नव्याने श्रद्धेकडे वळलेली, कधीच कशात नसलेला. त्यांच्यासाठी मैदानावर, वाचनालयात, बसथांब्यावर, ती जिथे आधीच जमतात तिथे जावं लागतं. दोनचार वेळा नुसतं जाऊन यावं लागतं, हातात फॉर्म न घेता.

सुरुवातीला आठ ते पंधरा जणांचा गट बरा. निवडताना एक गोष्ट जपा: कोणत्याही समुदायातून एकच जण येईल असं होऊ देऊ नका. एकटा पडलेला मुलगा आपोआप प्रवक्ता होतो. ‘तुमच्यात असं का करतात?’ हा प्रश्न दर बैठकीत त्याच्यावर येऊन पडतो आणि महिनाभरात तो येणं बंद करतो. सोबत आणखी एक जण असला, आणि त्या दोघांचं एकमेकांशी पटत नसलं, तर आणखी चांगलं. एकाच श्रद्धेची माणसं एकसारखी नसतात हे मग तुम्हाला समजावून सांगावं लागत नाही.

वेळ ठरवताना पंचांगापासून दिनदर्शिकेपर्यंत सगळं समोर ठेवा. शुक्रवारची दुपार मुसलमान मुलांना अडचणीची, शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या रात्रीपर्यंतचा काळ शब्बाथ पाळणाऱ्या यहुदी मुलांना, रविवारची सकाळ बहुतेक ख्रिस्ती मुलांना. रमजानसारख्या उपवासाच्या महिन्यात संध्याकाळची बैठक ठेवली तर ती मोडणारच. मुलींना घरी किती वाजता पोचावं लागतं हे विचारा आणि बैठक त्याआधी संपवा. प्रवासखर्च द्या. कामाचा मोबदला देणं शक्य असेल तर तोही द्या, कारण जी मुलं कमावतात ती फुकटच्या बैठकीला येऊ शकत नाहीत, आणि मग गटात खाऊनपिऊन सुखी घरातलीच उरतात.

संमती म्हणजे एक सही नव्हे

इथे थांबून नीट वाचा, कारण या उपक्रमात खरं नुकसान होऊ शकतं ते इथे.

बालहक्क संहिता संयुक्त राष्ट्रांनी १९८९ मध्ये स्वीकारली. तिच्या बाराव्या कलमानुसार आपल्यावर परिणाम करणाऱ्या बाबींत मत मांडण्याचा आणि ते मत वय व समज पाहून विचारात घेतलं जाण्याचा हक्क मुलांना आहे. चौदावं कलम विचार, विवेक आणि धर्माच्या स्वातंत्र्याचं आहे, आणि त्याच कलमात मुलांना वाढत्या समजेनुसार दिशा देण्याचा पालकांचा हक्क आणि कर्तव्यही मान्य केलेलं आहे. तुमचा उपक्रम या दोन्हींच्या मधोमध उभा आहे. म्हणून अठरा वर्षांखालील मुलांसाठी पालकांची लेखी परवानगी घ्या, आणि मुलाची स्वतःची संमती वेगळी घ्या. पालक हो म्हणाले आणि मुलगी नको म्हणाली तर उत्तर नको हेच.

श्रद्धेची माहिती ही नाजूक माहिती आहे. युरोपीय महासंघात २०१८ पासून लागू असलेल्या माहिती संरक्षण नियमांत ती आरोग्याच्या माहितीबरोबर खास जपायच्या वर्गात टाकलेली आहे. तुमच्याकडचा कायदा काहीही असो, तशीच काळजी घ्या. कारण साधं आहे. एखादा मुलगा गटात म्हणतो, ‘माझा आता विश्वास राहिलेला नाही,’ आणि घरी हे कोणालाच ठाऊक नसतं. ते वाक्य त्याच्या नावासकट भिंतीवर लागलं तर त्याचं घर सुटू शकतं, शिक्षण थांबू शकतं, कधी जिवावरही बेतू शकतं. धाडसी बोलणं ऐकून आयोजक भारावून जातात. तुम्ही भारावू नका. त्याला बाजूला घेऊन विचारा: हे तुझ्या काकांनी वाचलं तर? पाच वर्षांनी नोकरी देणाऱ्याने वाचलं तर?

संमती तीनदा घ्या. रेकॉर्ड करताना, संपादन झालेलं दाखवून, आणि सार्वजनिक करण्याआधी. मागे घ्यायची शेवटची तारीख आधीच सांगा. छापून झालेलं किंवा इंटरनेटवर गेलेलं पूर्णपणे परत आणता येत नाही हेही त्यांना सरळ सांगा. नाव बदलणं पुरेसं नसतं; लहान गावात आवाज, खिडकीबाहेरचं झाड, बहिणींची संख्या यावरून माणूस ओळखू येतो.

आणखी दोन गोष्टी. मुलांसोबत कधीही एकट्याने बंद खोलीत बसू नका. दोन प्रौढ असावेत किंवा दार उघडं असावं. आणि ‘तू काहीही सांग, मी कोणाला सांगणार नाही’ असं वचन कधीच देऊ नका. कोणाच्या जिवाला धोका आहे किंवा मारहाण, छळ होतोय असं कळलं तर तुम्हाला पुढे सांगावंच लागेल, आणि हे त्यांनी बोलायला सुरुवात करण्याआधी त्यांना माहीत असायला हवं. तुमच्या भागात अशी तक्रार कुठे करायची ते पहिल्या बैठकीपूर्वी शोधून ठेवा.

सुरुवातीला श्रद्धेबद्दल विचारू नका

‘तुमच्यासाठी श्रद्धा म्हणजे काय?’ या प्रश्नाला निबंधातलं उत्तर मिळतं. त्याऐवजी परिसराचा मोठा नकाशा जमिनीवर पसरा, हाताने काढलेला चालेल, आणि तीन रंगांचे ठिपके द्या. जिथे मला माझी ओळख सांगावी लागत नाही ती जागा. जिथे मी आवाज खाली करतो ती. जिथे जाण्याआधी मी काहीतरी लपवतो किंवा बदलतो ती: गळ्यातली खूण, डोक्यावरचं कापड, आडनाव, बोलण्याची ढब. ठिपके लावून झाले की कोणीतरी विचारतंच, ‘तू तिथे हा रंग का लावलास?’ तुम्ही गप्प बसा. श्रद्धेचा विषय आता आपोआप निघतो, आणि तो पाठ केलेला नसतो. एकाच प्रार्थनास्थळावर दोन विरुद्ध रंगांचे ठिपके पडलेले दिसतात तेव्हा तर बैठक तुमच्या हातात राहत नाही, आणि राहूही नये.

रॉय बॉमायस्टर आणि मार्क लिअरी या मानसशास्त्रज्ञांनी १९९५ मध्ये मांडलं की आपलेपणाची गरज माणसाच्या मूलभूत गरजांपैकी आहे, आणि ती भागायला दोन गोष्टी लागतात: मोजक्या माणसांशी वारंवार, कटकट नसलेली भेट, आणि एकमेकांची काळजी असलेलं टिकाऊ नातं. यातून वेळापत्रकासाठी थेट सल्ला निघतो. एक भपकेबाज दोन दिवसांचं शिबिर घेण्यापेक्षा ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी, ठरलेल्या खोलीत दीड तास भेटा. एखाद्या आठवड्यात चारच जण आले तरी बैठक रद्द करू नका. आपलेपणावरचा उपक्रम स्वतःच बेभरवशाचा असेल तर मुलांनी त्याच्यावर का विश्वास ठेवावा?

गटाचे नियम मुलांनाच लिहू द्या. ते तुमच्यापेक्षा कडक लिहितात, हा माझा अंदाज सहसा खरा ठरतो. मी फक्त दोन गोष्टींचा हट्ट धरीन. प्रत्येकाने ‘मी’ म्हणून बोलायचं, कोणीही अख्ख्या धर्माच्या वतीने उत्तर द्यायचं नाही. आणि कोणत्याही प्रश्नाला ‘पुढे’ म्हणता येईल, कारण न देता.

माध्यम आणि काम

काय बनवायचं ते त्यांनी ठरवायचं आहे, पण पर्याय तुम्हाला माहीत असले पाहिजेत. छायाचित्रांतून सांगण्याची एक कसलेली पद्धत कॅरोलाइन वांग आणि मेरी अ‍ॅन बरिस यांनी १९९० च्या दशकात चीनच्या युन्नान प्रांतातल्या ग्रामीण स्त्रियांसोबत घडवली. लोक स्वतः फोटो काढतात आणि मग एकत्र बसून त्यावर बोलतात. बोलण्यासाठी वापरले जाणारे प्रश्न साधे आहेत: इथे काय दिसतंय, खरं काय घडतंय, याचा आपल्या जगण्याशी काय संबंध, हे असं का आहे, आणि आपण काय करू शकतो. फोन सगळ्यांकडे असतो, त्यामुळे खर्चही फार नाही. फक्त प्रार्थनास्थळात फोटो काढण्याआधी परवानगी घ्यायची आणि प्रार्थना करणाऱ्या माणसाचा चेहरा न विचारता टिपायचा नाही.

दुसरा पर्याय २००० मध्ये कोपनहेगनच्या तरुणांनी रोस्किल्ड महोत्सवात सुरू केलेल्या ‘मानवी ग्रंथालया’चा. तिथे माणूसच पुस्तक होतो आणि वाचक त्याच्याशी थोडा वेळ बोलतो, प्रश्न विचारतो. पद्धत प्रभावी आहे, पण वयाने लहान मुलांना पुस्तक करताना मी चारदा विचार करीन. तेच टोचरे प्रश्न अनोळखी माणसांकडून दिवसभर झेलणं सोपं नाही. करायचंच असेल तर आधी सराव, मध्ये विश्रांती, आणि संभाषण कधीही थांबवायचा हक्क.

माध्यम कुठलंही असो, नुसत्या चर्चेवर गट टिकत नाही. मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्ये वेगवेगळ्या गटांतल्या लोकांच्या भेटीगाठींनी पूर्वग्रह कधी कमी होतात ते मांडलं: दर्जा समान हवा, उद्दिष्ट सामायिक हवं, ते गाठायला एकमेकांची मदत लागली पाहिजे, आणि वरच्यांचा पाठिंबा हवा. पेटिग्रू आणि ट्रॉप या संशोधकांनी २००६ मध्ये पाचशेहून अधिक अभ्यास एकत्र तपासले. भेटीगाठींनी पूर्वग्रह सहसा कमी होतो असं त्यांना आढळलं, आणि या अटी असल्या की परिणाम वाढतो. तेव्हा कामं वाटताना जोड्या मुद्दाम मिसळा. ज्याला संपादन येतं त्याला जिला मुलाखत घेता येते तिच्याशिवाय पुढे जाताच येऊ नये. समान दर्जाची अट सर्वात अवघड. भाषेवर प्रभुत्व असलेली दोघंतिघं नकळत बैठक ताब्यात घेतात. बोलण्याआधी तीन मिनिटं सगळ्यांनी लिहायचं, एवढ्या साध्या उपायानेही फरक पडतो.

वाजलं तर

वाजणारच. श्रद्धेवर बोलणाऱ्या गटात कधीच खटका उडत नसेल तर कोणीतरी गप्प बसलंय असं समजा.

मतभेदाला घाबरून ‘शेवटी सगळे धर्म एकच सांगतात’ असं म्हणायचा मोह होतो. तो आवरा. ज्याची श्रद्धा मनापासून आहे त्याला हे वाक्य लागतं, कारण त्याच्या दृष्टीने फरक महत्त्वाचे असतात, आणि तुम्ही ते एका फटक्यात पुसून टाकता. आयोजकांना मवाळ, हसरी श्रद्धा आवडते. कडक नियम पाळणारा मुलगा किंवा मुलगी अशा उपक्रमांत पाहुण्यासारखी वागवली जाते, आणि त्यांचं म्हणणं संपादनात हळूच गळतं. बाहेर त्यांना मागासलेलं म्हणतात आणि आपलेपणाच्या उपक्रमातही तीच वागणूक! दुसऱ्या टोकाला, श्रद्धा नसलेल्यांनाही ‘अजून सापडली नाही वाटतं’ असं म्हणून कुरवाळू नका. दोघांना फरकासकट त्या खोलीत बसता आलं पाहिजे.

अपमान वेगळा. शिवी, टिंगल, एखाद्या समुदायाबद्दलचं घाऊक विधान आलं की तिथल्या तिथे थांबवा, गटाने लिहिलेल्या नियमाकडे बोट दाखवा, आणि बोलणाऱ्याशी नंतर बाजूला, दार उघडं ठेवून बोला. सगळ्यांसमोर त्याला झोडपलंत तर तो परत येणार नाही, आणि ज्याला लागलंय त्यालाही अवघडल्यासारखं होतं. ज्याला लागलं त्याची चौकशी आधी करा. बहुतेक जण उलट क्रमाने जातात.

तिसरा प्रकार बाहेरून येतो. कुठेतरी हिंसा होते, बातम्या पेटतात, आणि त्याच संध्याकाळी तुमची बैठक असते. काहीच झालं नाही असं दाखवू नका. पहिली काही मिनिटं त्यासाठी मोकळी ठेवा, कोणाला आज घरी जायचं असेल तर जाऊ द्या, ठरलेलं काम पुढच्या आठवड्यावर ढकला.

मोठी माणसं

पालक आणि धर्मगुरूंना प्रदर्शनाच्या दिवशी पहिल्यांदा कळणं हा तंट्याचा हमखास रस्ता. त्यांना सुरुवातीलाच भेटा, मध्ये एकदा काम कसं चाललंय ते सांगा. पण संपादनाचा हक्क त्यांना देऊ नका, आणि तो देणार नाही हे आधी सांगा. कोणी म्हणालं, ‘ते अमुक वाक्य काढा,’ तर निरोप मुलांपर्यंत पोचवायचा आणि निर्णय मुलांनी घ्यायचा. सुरक्षिततेचा प्रश्न असेल तेवढाच अपवाद, आणि तोही कारण सांगून.

बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठातल्या लॉरा लंडी यांनी २००७ मध्ये बालहक्क संहितेच्या बाराव्या कलमाची फोड चार शब्दांत केली: अवकाश (म्हणजे मत मांडायला मोकळी जागा), आवाज, श्रोते, प्रभाव. बहुतेक उपक्रम पहिल्या दोनवर संपतात. मुलं बोलतात, टाळ्या पडतात, चहा होतो. म्हणून प्रदर्शनाला ज्यांच्या हातात काहीतरी आहे अशी माणसं बोलवा: सार्वजनिक सभागृह कोणाला द्यायचं ते ठरवणारे, शाळेत प्रार्थनेसाठी किंवा शांत बसण्यासाठी खोली देऊ शकणारे, मैदानाचं वेळापत्रक करणारे. त्यांना भाषण देऊ नका. मुलांच्या दोनतीन ठोस मागण्या हातात द्या आणि लेखी उत्तर किती दिवसांत देणार ते विचारा. उत्तर नकाराचं आलं तरी ते मुलांना वाचून दाखवा.

दाखवणं आणि निघणं

प्रदर्शनाच्या आधी मुलांसोबत अवघड प्रश्नांचा सराव करा. प्रेक्षकांतून ‘हे तुम्हाला कोणी शिकवलं?’ येणार, ‘तुम्हाला लाज वाटत नाही का?’ही येऊ शकतं. उत्तर न देणं हाही पर्याय आहे हे त्यांच्या तोंडून एकदा म्हणवून घ्या. त्या दिवशी कोणाला समोर यायचं नसेल तर त्याचं काम दिसू दे, तो प्रेक्षकांत बसू दे.

तुम्ही कधी जाणार ती तारीख पहिल्या महिन्यातच सांगितलेली असावी. जायच्या आधी हिशेब मुलांसमोर मांडा आणि उरलेले पैसे कशावर जातील ते त्यांना ठरवू द्या. मूळ फाइली, खात्यांचे पासवर्ड आणि पुढे वापरायची परवानगी कोणाकडे राहील ते लिहून द्या. तुमच्या संस्थेला अहवालात फोटो हवे असतील तर ते नव्याने विचारून घ्या, जुन्या सहीवर भागवू नका. आणि ज्यांनी आपलं म्हणणं मागे घेतलं त्यांची फाइल तुमच्या फोनमधून, लॅपटॉपमधून आणि क्लाउडवरून गेली आहे हे त्यांना शेजारी बसवून दाखवा.